जिना

साडेचार हजार विटा, इतवारीतून, किलोच्या भावाने.
दुकानदार म्हणाला, नातवासाठी का?
मी म्हटलं, पावती द्या.

बत्तीस वर्षं बांधकाम खात्यात नकाशे गिरवले.
मोऱ्या, क्वार्टरांच्या न्हाण्या, एकदा धान्याचं कोठार.
खाली सही साहेबांची,
'रेखाटन' या शब्दापुढे माझी आद्याक्षरं, मुंगीएवढी.
हा आलेखाचा कागद मात्र माझा.
कोपऱ्यात पूर्ण नाव घातलं, इंदुप्रभा उरकुडे,
आणि थोडा वेळ नुसतं त्याच्याकडेच बघत बसले.

खालच्या मजल्यावरचा प्रज्योत गजभिये, सहावी पास,
दुपारी दोनला येतो, कूलरसमोरची जागा धरतो.
रंग निवडणं त्याच्याकडे:
सुपात विटा, तांदळातले खडे वेचावेत तसा वेचतो.
करडा रंग संपला तेव्हा मागची भिंत गुलाबी झाली.
सरकारी इमारत अशीच असते, मी सांगितलं,
पुढून दगड, मागून जमेल ते.

एक मेला सीताबर्डीचा किल्ला बघायला गेलो.
रांगेत तास गेला, टोपीतून घाम.
त्याने तोफ पाहिली. मी भिंतीचा उतार पाहिला:
तळाशी ऐसपैस, वर अंग चोरून घेतलेली.
चौकोनी विटेला हे कसं शिकवायचं?
घरी येऊन तीन कागद फाडले. मग सुचलं,
दर सहाव्या थराला एक टिंब आत.
बुरूज गोल होईना, आठ कोनांवर थांबला.
डोळे बारीक कर, मी म्हटलं.
त्याने केले. म्हणाला, हो, झाला.

मध्येच एक दिवस त्याने तळाची पाटी धुऊन
गच्चीवर वाळत टाकली. शेहेचाळीस अंश.
पापडासारखी वाकून आली.
रात्रभर तिच्यावर पाटा ठेवला.
थोडी सरळ झाली, थोडी नाही.
जिथे नाही, तिथे मी खंदक दाखवला.

एक्केचाळिसाव्या दिवशी मोठ्या बुरुजाचं छत बसलं.
माझ्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं.
मी चहा टाकायला उठले तर हा म्हणतो,
"मावशी, शिपाई वरतं जाते कुठून?"

नकाशा पसरला. तळमजला. पहिला. दुसरा.
छेद अ-अ. छेद ब-ब.
पाणी साठवायची टाकीसुद्धा होती.
जिना नव्हता.

उमरेडच्या रस्त्यावर एक मोरी आहे.
तिच्या पातळीतला सहा मी नऊ वाचला होता.
कोणी तपासलं नाही. काँक्रीट पडलं.
पावसाळ्यात अजून तिथे पाणी रस्त्यावरून जातं,
बस हळू होते,
आणि मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागते.

"राहू दे," मी म्हटलं, "बाहेरून कोणाला दिसतंय?"
तो गप्प. मग टेबल जरासं हलवलं त्याने.
बुरुजाच्या पोटात काहीतरी खुळखुळलं.
"आत एक ठेवला आहे मी."
"कधी?"
"छत लावाच्या आधी. पहाऱ्याले."

चहा उतू गेला.
सुरीचं टोक फटीत घालून पहिली वीट उचकटली.
टक्.
काय सोपा आवाज होता तो.
दुसरी. मग चारीच्या चारी ओळी, मग सगळी बाजू,
साडेतीनशे विटा परत सुपात.
शिपाई पालथा पडला होता, हातातला भाला निखळलेला.
रात्री नऊपर्यंत पायऱ्या रचल्या,
सोळा, कोपऱ्याकोपऱ्यात वळणाऱ्या,
करंगळीच्या टोकाने चढता येतील इतक्या.
खालून त्याची आई दोनदा हाक मारून गेली.

"आता उतरू शकते तो," प्रज्योत म्हणाला,
आणि त्याला उचलून पुन्हा वरच ठेवलं.

नकाशावर मी जिना काढला, तारीख घातली,
दुरुस्ती क्रमांक एक.
खाली लिहिलं, 'तपासणी', आणि पेन्सिल त्याला दिली.
त्याने नाव लिहिलं, आडनाव, शाळा, तुकडी.
तुकडी खंदकात गेली.